चावी बाजूने बसते, वरून नाही: शाफ्ट, चावी आणि कॉटर जोडताना चुकणारे टप्पे

शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, पुली बसवली, दोघांना एकत्र फिरवणारी चावी (दोघांच्या खाचांत बसणारा धातूचा तुकडा) हातोडीने ठोकून घट्ट केली, मशीन सुरू झालं. चार महिन्यांनी हब, म्हणजे पुलीचा शाफ्टवर बसणारा मधला भाग, खडखडायला लागतो. उघडून पाहावं तर शाफ्टवरची खाच रुंद झालेली, चावीच्या कडा गोल झालेल्या आणि सगळीकडे तांबूस भुकटी. मग नवी, जरा जाड चावी बनवून पुन्हा ठोकली जाते आणि पुढच्या वेळी शाफ्टच बदलावा लागतो.

बहुतेक वेळा दोष चावीच्या पोलादात नसतो. ‘घट्ट बसली’ याचा अर्थ चुकीचा घेतलेला असतो. समांतर चावी घट्ट बसते ती दोन्ही कुशींना, म्हणजे बाजूंना, डोक्यावर, म्हणजे वरच्या पाठीवर, नाही. टेपर चावी बसते वर आणि खाली. कॉटर, म्हणजे दोन दांड्या जोडणारा चपटा पाचर, बसतो पुढच्या आणि मागच्या कडेला, आणि तेही दोन वेगवेगळ्या भागांवर. या तिघांपैकी काहीही हातात आलं तर आधी एकच प्रश्न विचारा: हा तुकडा नेमका कुठे दाबून बसायला हवा? खालचा प्रत्येक टप्पा या प्रश्नावर उभा आहे.

शब्दांविषयी एक खुलासा. वर्कशॉपमध्ये सगळे ‘की’ म्हणतात. लिहिताना मात्र ‘मला वाटतं की’ मधला ‘की’ आणि हा ‘की’ यांची गल्लत होते, म्हणून इथे चावीच म्हणतो. की-वेला खाच.

## तयारी: हत्यारं काढायच्या आधी

मशीन बंद करून मेन स्विचला कुलूप लावा. हे लिहायची गरज पडू नये, पण चावी ठोकताना शाफ्ट फिरवून पाहायची सवय सगळ्यांना असते.

लागणाऱ्या गोष्टी: ०.०१ मिमी वाचणारा मायक्रोमीटर, व्हर्निअर कॅलिपर, डायल गेज आणि त्याचा स्टँड, दोन व्ही-ब्लॉक, बारीक दातांची सपाट कानस, मार्किंग ब्ल्यू (कुठे टेकतं ते डागाने दाखवणारा निळा रंग), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), तांब्याचा किंवा पितळेचा ड्रिफ्ट, पुलर. खाच मोजायला नुसत्या व्हर्निअरवर विसंबू नका. व्हर्निअरचे जबडे अरुंद खाचेत तिरके जातात आणि पाव-अर्धा दशांश सहज खोटा वाचतात. त्यापेक्षा जाडी माहीत असलेल्या पट्ट्या किंवा स्लिप गेज खाचेत सरकवून पाहिलेलं बरं.

जुनं काम उघडत असाल तर काढण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा: हबच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतचं अंतर, चावी कोणत्या बाजूने आत गेली होती आणि हबची कोणती बाजू बाहेर होती. दहा मिनिटांनी हे कोणालाच आठवत नाही.

## टप्पा १: चावी कोणत्या जातीची आहे ते ठरवा

समांतर चावीची जाडी सगळीकडे सारखी असते. हबची खाचही समांतर असते. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कुशींवरून जातो आणि डोक्यावर मोकळी जागा राहते.

टेपर चावीच्या वरच्या पाठीला १:१०० उतार असतो, म्हणजे १०० मिमी लांबीत १ मिमी. शाफ्टची खाच सरळ असते आणि हबच्या खाचेच्या तळाला तेवढाच उतार दिलेला असतो. डोकं असलेली जिब-हेड चावी हीच, फक्त काढायला सोपी.

अर्धचंद्राकृती वुड्रफ चावी शाफ्टच्या गोल खड्ड्यात आपोआप कलते, म्हणून टेपर शाफ्टवर उत्तम. पण तिचा खड्डा खोल असल्यामुळे शाफ्ट बराच कमकुवत होतो. हलक्या भाराला ठीक.

सावधान: हबच्या खाचेला उतार आहे का हे दोन्ही तोंडांशी मोजल्याशिवाय चावी बनवायला घेऊ नका. ६० मिमी लांब हबमध्ये १:१०० उताराचा फरक ०.६ मिमी असतो. डोळ्याला दिसत नाही, मायक्रोमीटरला दिसतो. उताराच्या हबमध्ये समांतर चावी घातली तर ती एका टोकाला डोक्यावर अडते आणि हब तिरका बसतो.

## टप्पा २: माप तक्त्यातून घ्या, जुन्या चावीवरून नाही

जुनी चावी हा पुरावा नाही. ती आधीच कोणीतरी घासलेली असू शकते. माप शाफ्टच्या व्यासावरून ठरतं. समांतर चावीसाठी डीआयएन ६८८५ या जर्मन मानकामधली नेहमी लागणारी मापं अशी, सगळी मिमीमध्ये:

- व्यास १७ च्या वर २२ पर्यंत: चावी ६ × ६, शाफ्टमधली खोली ३.५, हबमधली २.८
- २२ च्या वर ३० पर्यंत: ८ × ७, ४.० आणि ३.३
- ३० च्या वर ३८ पर्यंत: १० × ८, ५.० आणि ३.३
- ३८ च्या वर ४४ पर्यंत: १२ × ८, ५.० आणि ३.३
- ४४ च्या वर ५० पर्यंत: १४ × ९, ५.५ आणि ३.८
- ५० च्या वर ५८ पर्यंत: १६ × १०, ६.० आणि ४.३
- ५८ च्या वर ६५ पर्यंत: १८ × ११, ७.० आणि ४.४

‘च्या वर’ आणि ‘पर्यंत’ नीट वाचा. बरोबर ३८ मिमीच्या शाफ्टला १० रुंदीची चावी येते, १२ ची नाही. ही चूक कितीतरी ड्रॉइंगमध्ये दिसते.

आता ४० मिमीची ओळ घ्या. दोन्ही खोल्यांची बेरीज ५.० + ३.३ = ८.३. चावीची उंची ८. उरलेले ०.३ मिमी ही डोक्यावरची जागा. ती मुद्दाम ठेवलेली आहे. ती ‘भरून काढायला’ चावीखाली पत्र्याची शिम घालणारे भेटतात. त्यांनी समांतर चावीची टेपर चावी केलेली असते, तीही उतार नसलेली. हब एका बाजूला ढकलला जातो, पुली डुलते, आणि कुशी मात्र सैलच राहतात.

### भार पेलेल का?

तक्त्यातली चावी शाफ्टला शोभेशी असते, तुमच्या भाराला पुरेशी असेलच असं नाही. रुंदी आणि उंची तक्ता ठरवतो. लांबी तुम्ही ठरवायची.

टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम. समजा १५ किलोवॅट, ३०० आरपीएम, शाफ्ट ४० मिमी. टॉर्क येतो ४७७.५ न्यूटन-मीटर. शाफ्टची त्रिज्या ०.०२ मीटर, म्हणून चावीवरचं बल २३,८७५ न्यूटन, म्हणजे जवळपास अडीच टन वजनाइतकं.

चावी १२ × ८ × ५६, दोन्ही टोकं गोल. पहिली चूक इथे होते: पूर्ण ५६ मिमी लांबी धरली जाते. गोल टोकं भार घेत नाहीत. कामाची लांबी ५६ − १२ = ४४ मिमी.

शिअर, म्हणजे चावी कापू पाहणारा ताण: २३,८७५ ÷ (१२ × ४४) = साधारण ४५ न्यूटन प्रति चौरस मिमी. मध्यम कार्बन पोलादाच्या चावीला हे चालून जातं. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि ही दुसरी चूक.

चावी कापली जाण्याआधी बहुधा चेपली जाते. पाठ्यपुस्तकी हिशेब उंचीच्या निम्म्याचा, म्हणजे ४ मिमीचा: २३,८७५ ÷ (४ × ४४) = साधारण १३६. पण तक्त्याकडे परत पाहा. चावी शाफ्टमध्ये ५ मिमी गाडलेली आहे. हबच्या वाट्याला फक्त ३ मिमी उरली. खरा दाब तिथे: २३,८७५ ÷ (३ × ४४) = साधारण १८१. हब बीडाचा असेल तर एवढ्या दाबावर त्याच्या भरवशावर राहू नका. हब लांब करा, शाफ्टचा व्यास वाढवा किंवा १८० अंशांवर दुसरी चावी द्या. दुसऱ्या चावीने ताकद दुप्पट होते असं मात्र धरू नका. दोन्ही चाव्या कधीच अगदी सारखा भार घेत नाहीत.

लांबी वाढवत जाणं हाही कायमचा उपाय नाही. शाफ्ट पिळला जातो, त्यामुळे ज्या टोकाने टॉर्क येतो तिथल्या चावीवर जास्त भार पडतो. शाफ्टच्या व्यासाच्या साधारण दीडपटीच्या पुढची लांबी फारशी उपयोगी पडत नाही.

तपासा: शाफ्टचाही हिशेब झाला का? खाच कापली म्हणजे शाफ्टची ताकद उतरते. नेहमी वापरलं जाणारं सूत्र असं: उरलेला भाग = १ − ०.२ × (खाचेची रुंदी ÷ व्यास) − १.१ × (खाचेची खोली ÷ व्यास). आपल्या उदाहरणात १ − ०.०६ − ०.१३७५, म्हणजे सुमारे ०.८. पाचवा हिस्सा ताकद गेली. अखंड शाफ्टवर पिळाचा ताण ३८ येत असेल तर खाचेसह तो ४७ च्या पुढे धरा.

## टप्पा ३: शाफ्टवर खाच कापणं

सगळ्यात जास्त बिघाड या टप्प्यावर होतो.

जागा. खाचेचं टोक शाफ्टच्या पायरीला, म्हणजे शोल्डरला, भिडवू नका. पायरीचा कोपरा आणि खाचेचं टोक या दोन्ही जागी ताण साचतो. दोन्ही एकत्र आले तर तडा तिथूनच जातो. मध्ये काही मिमी अंतर सोडा.

मध्य. कटर शाफ्टच्या एका कुशीला टेकवून त्रिज्या आणि कटरची निम्मी जाडी सरकायची पद्धत चालते, पण तिच्यात कटरच्या मापाची चूक मिसळते. त्यापेक्षा दोन्ही कुशींना टेकवा, दोन्ही वाचनं घ्या आणि मधोमध जा. बॅकलॅश (मशीनच्या स्क्रूमधली ढिलाई) टाळायला शेवटची सरक नेहमी एकाच दिशेने.

कटर. १२ ची खाच १२ च्या कटरने एका फेरीत काढली की ती १२ राहत नाही. भाराखाली कटर एका बाजूला वाकतो आणि खाच रुंद होते किंवा मध्यापासून ढळते. १० मिमीच्या, सरळ खाली उतरू शकणाऱ्या स्लॉट ड्रिलने मधली खाच काढा, मग प्रत्येक कुशीला हलक्या फेऱ्यांनी १-१ मिमी मोकळं करा. वेळ थोडा जास्त लागतो. नंतर कानशीला हात लावावा लागत नाही.

खोली. तक्त्यातली ५.० मिमी खोली शाफ्टच्या गोलाच्या माथ्यापासून मोजलेली असते. खाच कापली की तो माथा उरतच नाही. मग लोक खाचेच्या काठापासून डेप्थ गेज लावतात. ४० मिमी शाफ्टवर १२ रुंदीच्या खाचेचा काठ माथ्यापेक्षा ०.९२ मिमी खाली असतो. काठापासून ५ मोजले तर खरी खोली होते ५.९२. आता चावी हबमध्ये जेमतेम २ मिमी शिरते आणि वरचा १८१ चा आकडा २६० च्या पुढे जातो. कागदावर बरोबर असलेली जोडणी मोजण्याच्या एका सवयीने मोडते.

म्हणून खोली मोजायचीच नाही. खाचेच्या तळापासून शाफ्टच्या विरुद्ध बाजूपर्यंतचं अंतर मोजा. ४० च्या शाफ्टला ते ४० − ५ = ३५.० यायला हवं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, सगळा खालच्या बाजूला, ०.२ पर्यंत.

तळाचे कोपरे. धारदार काटकोन ठेवू नका. १० ते १८ रुंदीच्या चाव्यांसाठी तळाच्या कोपऱ्याला ०.२५ ते ०.४० ची गोलाई आणि चावीच्या कडांना ०.४० ते ०.६० चा चॅम्फर, म्हणजे तिरका काप, असतो. चॅम्फर गोलाईपेक्षा मोठा हवा, नाहीतर चावी तळाला टेकतच नाही. कोपऱ्यांवर तरंगत राहते.

तपासा: शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवा, खाचेत चावी बसवा. चावी आडवी करून तिच्या वरच्या कुशीवर डायल शून्य करा. मग शाफ्ट १८० अंश फिरवून दुसरी कुशी वर आणा आणि वाचा. फरकाचं निम्मं म्हणजे खाच मध्यापासून तेवढी ढळलेली. त्याच वेळी डायल चावीच्या लांबीवर चालवा. खाच शाफ्टच्या अक्षाला समांतर आहे का तेही कळतं.

## टप्पा ४: हबची खाच

इथे तळापासून बोअरच्या, म्हणजे हबच्या भोकाच्या, विरुद्ध बाजूपर्यंत मोजा: ४० + ३.३ = ४३.३, टॉलरन्स वरच्या बाजूला ०.२ पर्यंत. व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी हे माप सरळ मिळतं.

स्लॉटिंग मशीनवर हत्यार लांब आणि बारीक असतं, त्यामुळे ते वाकतं आणि खाच एका टोकाला उथळ राहते. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या फीड न देता मारा. ब्रोचने, म्हणजे भोकातून ढकलायच्या दातेरी हत्याराने, काम करत असाल तर पहिल्या फेरीनंतर शिम घालायला विसरू नका. हमखास विसरली जाते ती शेवटची शिम.

तपासा: चावी एकटी, शाफ्टशिवाय, हबच्या खाचेतून एका तोंडाने घालून दुसऱ्या तोंडाने निघते का? अंगठ्याच्या जोराने सरकायला हवी. मध्येच अडत असेल तर खाच समांतर नाही. ब्ल्यू लावून कुठे अडते ते पाहा, अंदाजाने घासू नका.

## टप्पा ५: फिट ठरवा, मग चावी करा

चावीच्या रुंदीचा टॉलरन्स लहान लिपीतला एच९ (ही अक्षर-अंकी नावं म्हणजे टॉलरन्सच्या ठरलेल्या श्रेणी), म्हणजे १२ च्या चावीला ११.९५७ ते १२.०००. बाकीचं खाचेवर अवलंबून. नेहमीच्या कामाला शाफ्टची खाच एन९ आणि हबची जेएस९. १२ मिमीला एन९ म्हणजे ० ते −०.०४३, जेएस९ म्हणजे ±०.०२१५. चावी शाफ्टमध्ये दाबून, हबमध्ये किंचित सैल. झटके येत असतील किंवा दिशा उलटसुलट होत असेल तर दोन्हीकडे पी९. हब चावीवर सरकवायचा असेल तर शाफ्टला मोठ्या लिपीतला एच९, हबला डी१०, आणि चावी शाफ्टला स्क्रूने पक्की केलेली.

चावी तयार की-स्टीलच्या पट्टीतून कापा. त्या पट्टीची रुंदी आधीच मापात असते, तुम्ही फक्त लांबी आणि टोकं करायची. मिळेल त्या लोखंडाची चावी घासून बनवली तर चारही बाजू हाताने कराव्या लागतात आणि कुशी पोटाला फुगीर होतात. शिकत असताना मी अशीच एक चावी केली होती. मधोमध मोजली तर १२.०० भरत होती, टोकांना ११.९०. मोठ्या अभिमानाने ठोकून बसवली. आठवड्याभरात ती खाचेत झोका घेत होती.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच वाईट: मोडलेल्या टूल-बिटची कडक चावी. ती सहजी झिजत नाही हे खरं, पण मग खराब होतो शाफ्ट. चावी हा तिघांतला स्वस्त भाग. झिजायचं असेल तर तिने झिजावं.

चावी हबपेक्षा किंचित आखूड ठेवा. बाहेर आलेलं टोक कपड्यात अडकतं आणि बॅलन्सही बिघडवतं. मोटरच्या शाफ्टच्या टोकावर एच हे अक्षर ठोकलेलं दिसलं तर रोटर अर्ध्या चावीसह बॅलन्स केलेला आहे. तिथे खाचेची लांबी आणि हबची लांबी जुळत नसेल, तर हबबाहेरचा चावीचा शाफ्टच्या वर आलेला भाग कापून काढा.

## टप्पा ६: बसवण्याचा क्रम

क्रम बदलला की चूक कुठे आहे हे शोधता येत नाही. म्हणून प्रत्येक पायरी एकटी.

१. सगळे बर, म्हणजे कापल्यावर काठाला उरलेले धातूचे कंगोरे, काढा. खाचेच्या काठावरचा बर हबच्या बोअरला ओरखडतो.

२. हब चावीशिवाय शाफ्टवर चढवून पाहा. इथे अडत असेल तर दोष बोअरचा आहे, चावीचा नाही. ही पायरी गाळली जाते आणि मग बिचारी चावी घासली जाते.

३. चावी हबमधून सरकवून पाहा. टप्पा ४ मध्ये केलं असेल तरी पुन्हा.

४. चावी शाफ्टमध्ये बसवा. व्हाइसमध्ये मऊ जबडे लावून दाबा किंवा तांब्याच्या ड्रिफ्टने हलके ठोके द्या. तळाला टेकली का? दोन्ही टोकांशी फीलर घालून पाहा.

५. हब चढवा. घट्ट बसणारा असेल तर हातोडा नको. मोटरच्या शाफ्टवर बसलेला प्रत्येक ठोका बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि रेसवर खळगे पडतात. हब तापवा. ४० मिमीचा पोलादी बोअर ८० अंशांनी तापला की सुमारे ०.०३८ मिमी मोठा होतो. नेहमीच्या ट्रान्झिशन फिटला (ना पूर्ण सैल, ना पूर्ण घट्ट) एवढं पुरतं. शाफ्टच्या टोकाला आट्यांचं भोक असेल तर बोल्ट, जाड वॉशर आणि नट लावून हब ओढून घ्या. ते भोक त्यासाठीच आहे.

तपासा: हब बसल्यावर चावीच्या डोक्यावरच्या फटीत फीलर घाला. ०.३ च्या आसपास फट दिसली पाहिजे. फटच नसेल तर हब परत काढा. चावी डोक्यावर बसलेली आहे.

सावधान: ग्रब स्क्रू (हबमध्ये बसणारा बिनडोक्याचा स्क्रू) हबला शाफ्टवर पुढेमागे सरकू देत नाही, एवढंच त्याचं काम. सैल चावी घट्ट करायला तो आवळू नका. तो चावीला वरून दाबतो. सैल आहेत त्या कुशी.

## टप्पा ७: टेपर चावी असेल तर

आता सगळं उलटं. वर आणि खाली घट्ट, कुशींना किंचित मोकळीक.

चावीच्या वरच्या पाठीला ब्ल्यू लावा, हाताने आत सरकवा, हलका ठोका देऊन काढा. डाग पूर्ण लांबीवर पडला पाहिजे. फक्त एका टोकाला पडला तर उतार जुळत नाही. त्या टोकालाच घासा, सगळीकडे नाही.

आणि जपून घासा. १:१०० उतारात पाठीवरून ०.१ मिमी गेलं की चावी १० मिमी जास्त आत जाते. दोनदा उत्साहाने घासली तर जिबचं डोकं हबला भिडतं. भिडलं म्हणजे घट्ट झालं असं हाताला वाटतं, कारण हातोडीचा आवाज बदलतो. प्रत्यक्षात डोकं अडलं, पाठ सैलच. शेवटच्या ठोक्यानंतर डोकं आणि हब यांच्यात फट उरलीच पाहिजे. चावी काढायला पाचरही तिथेच घालायची असते.

टेपर चावी हबला शाफ्टपासून एका बाजूला रेटते. हळू फिरणाऱ्या, जड कामाला चालेल. वेगाने फिरणाऱ्या पुलीला आणि गिअरला नको. आणि बाहेर आलेल्या जिबवर गार्ड लावा. फिरताना ते डोकं दिसत नाही.

## टप्पा ८: कॉटर

कॉटर म्हणजे दुभंगलेल्या टोकाची ती स्प्लिट पिन नव्हे, जिला बाजारात कॉटर पिन म्हणतात. हा चपटा, उताराचा पोलादी पाचर. दोन दांड्या एकमेकींत घालून त्यांच्या आरपार आडवा ठोकायचा. तो अक्षाच्या दिशेची ओढ आणि दाब पेलतो, टॉर्क नाही. फिरणारे शाफ्ट जोडायला कॉटर वापरू नका.

उतार साधारण १:२४ ते १:४८. एवढ्या सौम्य उताराला कॉटर घर्षणानेच अडकून राहतो. जास्त उतार दिलात तर सेट-स्क्रू किंवा दुसरं काही अडकवण लागेलच. ३० मिमी दांडीसाठी प्रचलित प्रमाणात कॉटरची जाडी व्यासाच्या ०.३१ पट, म्हणजे १० मिमीच्या आसपास, आणि रुंदी १.६ पट, ४८ मिमी. आतल्या दांडीच्या, स्पिगॉटच्या, खाचेपासून तिच्या टोकापर्यंत ०.७५ पट, म्हणजे २२.५ मिमी धातू सोडा. तो कमी पडला की टोकच फाटून निघतं.

खरी मेख खाचांच्या जागेत आहे. स्पिगॉटची खाच आणि बाहेरच्या सॉकेटची खाच एका रेषेत, एकसारखी केली तर कॉटर दोघांच्या दोन्ही कडांना एकदम भिडतो. घट्ट ठोकला जातो, आवाजही छान येतो, आणि जोड सैल राहतो, कारण कॉटरने काहीच ओढलेलं नसतं.

स्पिगॉटची खाच कॉलरच्या, म्हणजे स्पिगॉटवरच्या सॉकेटच्या तोंडाला टेकणाऱ्या कड्याच्या, दिशेला १.५ ते ३ मिमी सरकलेली हवी. मग कॉटर स्पिगॉटला फक्त त्याच्या आतल्या टोकाकडच्या कडेवर दाबतो आणि सॉकेटला फक्त तोंडाकडच्या कडेवर. ठोकत जाल तसा स्पिगॉट आत ओढला जातो आणि कॉलर सॉकेटच्या तोंडावर बसते. १:३० उतार असेल तर कॉटर ६ मिमी आत गेला की स्पिगॉट ०.२ मिमी ओढला जातो, जास्त नाही. म्हणून कॉलर आधीच हाताने जवळपास टेकलेली असावी. मोठी फट कॉटरने बंद होईल ही आशा सोडा.

तपासा: ठोकून झाल्यावर टॉर्च लावा. दोन्ही खाचांत विरुद्ध बाजूंना प्रकाशाची फट दिसली पाहिजे, आणि कॉलरखाली सगळ्यात पातळ फीलरही जाता कामा नये. फट एकीकडेच दिसली तर कॉटर काढून ब्ल्यू लावा.

## टप्पा ९: सुरू केल्यानंतर

पहिल्या तासाभराने मशीन थांबवा, पुन्हा कुलूप लावा आणि पाहा. टेपर चावी आणि कॉटर यांना आणखी एखादा हलका ठोका लागू शकतो. समांतर चावीला कधीच नाही.

हबच्या तोंडाशी तांबूस भुकटी जमली असेल तर तो नुसता गंज समजून पुसून टाकू नका. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म घासले जात आहेत, म्हणजे कुठेतरी फिट सैल आहे. हब हाताने पुढेमागे फिरवून पाहा. शाफ्ट स्थिर असताना हब किंचितही हलत असेल तर जोड उघडायचाच.

उघडल्यावर शाफ्टची खाच रुंद झालेली निघाली, तर तिच्यात वेल्डिंग भरू नका. त्या उष्णतेने शाफ्ट वाकतो आणि काठाशी ठिसूळ होतो. झीज थोडी असेल तर खाचेच्या कुशी सरळ करून पायरीची चावी करा: शाफ्टकडचा भाग रुंद, हबकडचा मूळ मापाचा. झीज जास्त असेल तर शाफ्टवर जुन्या खाचेपासून ९० अंशांवर नवी खाच कापा, पण त्याआधी टप्पा २ मधला ताकदीचा हिशेब दोन खाचा धरून पुन्हा करा. हिशेबात बसत नसेल तर शाफ्ट बदला.